मुंडकं राहू द्या, सात-बारा दाखवा

अमेरिकेने 1776 साली इंग्लंडच्या राजाला रामराम ठोकला आणि पुढे करमणुकीसाठी त्याच्या आधीच्या सगळ्या राजांना घरी बोलावून घेतले. राज्य करायला नको, पण जेवणानंतर सोफ्यासमोर हवेत. 1971 च्या उन्हाळ्यात सीबीएसने आठव्या हेन्रीच्या सहा बायकांवरची बीबीसीची मालिका दाखवली, पुढच्या वर्षी पहिली एलिझाबेथ पीबीएसवर आली आणि एमी पारितोषिके घेऊन गेली. 2007 मध्ये शोटाइमने ‘द ट्यूडर्स’ काढली. त्यातला हेन्री चार वर्षे राज्य करून, बायका बदलून, मेजवान्या झोडूनही शेवटपर्यंत सडपातळच राहिला. मग ‘वुल्फ हॉल’ आली. तिचा दुसरा भाग पीबीएसवर लागला तो मार्च 2025 मध्ये.

त्याच 2025 मध्ये, जूनला आणि परत ऑक्टोबरला, ‘नो किंग्ज’ नावाचे मोर्चे देशभर निघाले. आमच्या न्यू जर्सीतल्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक दोन्हींना गेले होते. हातात स्वतः रंगवलेला फलक, डोक्यावर टोपी, गळ्यात पाण्याची बाटली. राजेशाही नको, असे दिवसभर ओरडून घसा बसलेला. संध्याकाळी मी त्यांना कोथिंबीर द्यायला गेले तर गृहस्थ सुंठेसारखे काहीतरी उकळून पीत ‘वुल्फ हॉल’ बघत बसले होते आणि बसलेल्या घशाने मला सांगत होते, “थांब, आता जेन सीमोरचं काय होतं ते बघू.” अमेरिकन माणसाला राजा नकोच आहे. त्याला फक्त राजाच्या घरातल्या भानगडी हव्या आहेत, आणि ही मागणी काही गैर नाही.

आता राजाच्या भानगडींच्या जोडीला खूनही त्याच ताटात वाढला तर? तेही झाले. 1 मे 2024 रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी (त्याचा इथे काही संबंध नाही, पण आपल्या लक्षात येतेच), हूलूवर ‘शार्डलेक’ नावाची चार भागांची मालिका आली. सी. जे. सॅन्सम या इंग्लिश लेखकाच्या 2003 सालच्या ‘डिझोल्यूशन’ या कादंबरीवर ती बेतलेली आहे. सॅन्सम स्वतः इतिहासात पीएचडी केलेले आणि काही काळ वकिली केलेले गृहस्थ. मालिका पडद्यावर यायच्या चारच दिवस आधी ते वारले.

गोष्ट अशी. काळ 1537 च्या आसपासचा. हेन्रीने पोपशी भांडण काढून स्वतःलाच धर्मप्रमुख करून घेतले आहे आणि आता त्याच्या राज्यातले मठ एकेक करून बंद करायचे चालले आहे. ससेक्समधल्या समुद्रकाठच्या एका मठात राजाचा एक आयुक्त चौकशीला जातो आणि तिथे कोणीतरी त्याचे मुंडके उडवते. मग राजाचा उजवा हात थॉमस क्रॉमवेल आपला वकील मॅथ्यू शार्डलेक याला तपासाला पाठवतो. शार्डलेकच्या पाठीला कुबड आहे, आणि मठातल्या साधूंपासून घोड्याच्या पागेतल्या पोरापर्यंत सगळे त्याला त्यावरून टोचतात. हे काम आर्थर ह्यूजने फार समंजसपणे केले आहे. त्याचा स्वतःचा उजवा हात जन्मतः वेगळ्या घडणीचा, आणि रॉयल शेक्सपिअर कंपनीत 2022 साली तिसऱ्या रिचर्डची भूमिका करणारा पहिला अपंग अभिनेता तोच. क्रॉमवेल झालाय शॉन बीन. ज्या नटाचे मरण आजवर इतक्या वेळा पडद्यावर पाहिले, तो इथे इतरांना मारायला पाठवतो, एवढीच काय ती नवलाई.

ही मालिका मी पहिल्यांदा एकटीने पाहिली तेव्हा ती मला गूढ वाटली होती. दुसऱ्यांदा पाहिली ती सासू-सासऱ्यांबरोबर, आणि गूढ-बिढ सगळे गेले.

माझे सासरे, अण्णा, सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून लागले आणि तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सहा महिन्यांच्या व्हिसावर न्यू जर्सीत आले की पहिला आठवडा ते शेजाऱ्यांच्या हद्दी बघण्यात घालवतात. इथे कुंपणे नसतात, हिरवळ एका घराची कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते ते कळत नाही, याचा त्यांना मनापासून त्रास होतो. “मोजणी झालीय का याची?” असे त्यांनी आमच्या गवत कापणाऱ्या मुलालाही विचारले आहे.

तर पहिल्या भागात मुंडके उडालेला आयुक्त दिसला. पार्श्वसंगीत घुमले. पडद्याखाली कंसात ‘दूरवर मंत्रोच्चार’ असे उमटले. मी श्वास रोखला, आणि अण्णा म्हणाले,

“पंचनामा कुठाय?”

मी म्हटले, “अण्णा, 1537 साल आहे. तेव्हा इंग्लंडात पोलीसच नव्हते. लंडनचे पोलीस 1829 चे.”

“पोलीस नसू देत. पोलीस पाटील? कोतवाल? गावचे दोन पंच? हा वकील एकटाच खोलीत जातो, एकटाच प्रेताची चादर वर करतो, एकटाच जबाब घेतो. जबाबावर सही नाही, अंगठा नाही. उद्या तो साधू म्हणाला की मी असं बोललोच नाही, तर?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर आणि त्याचे गावकरी पंच इंग्लंडात बाराव्या शतकाच्या अखेरीपासून होते, हे मी नंतर सांगितले, तेव्हा अण्णांना बरे वाटले. “मग त्यांना डावलून वकील का पाठवला? वरून माणूस येतो तेव्हा खालच्या माणसाला काहीतरी कळू द्यायचं नसतं.”

मी भाग पुढे ढकलणार तोच त्यांचा दुसरा प्रश्न आला, आणि त्या प्रश्नाने आमच्या घरातल्या रहस्यकथेचा निकाल लागला. “या मठाला जमीन किती?”

आता खरे सांगायचे तर इतिहासकारांचाही प्रश्न हाच आहे, फक्त ते तो विचारायला जाडजूड ग्रंथ लिहितात. 1535 साली क्रॉमवेलने सगळ्या चर्चच्या मिळकतीची गावोगाव नोंद करून घेतली. कोणत्या मठाला किती शेत, किती गिरणी, किती खंड, कोणत्या यात्रेत किती दक्षिणा, सगळे वहीत. दुसरी माणसे साधूंची पापे गोळा करत फिरत होती: कोण बाई ठेवतो, कोण खोटे अवशेष दाखवून भाविकांना लुबाडतो. 1536 ला कायदा झाला की वर्षाला 200 पौंडांच्या आत उत्पन्न असलेले मठ बंद. पाप मोजायला पौंडांची मर्यादा कशी काय लागू पडली, हे कायद्यात स्पष्ट केलेले नाही. मोठ्या मठांत धर्म नीट पाळला जातो, असे त्याच कायद्याने म्हटले, आणि पुढच्या चार वर्षांत मोठेही गेले. शेवटचा मठ मार्च 1540 मध्ये शरण आला. सुमारे 800 मठ, छपरावरच्या शिशाच्या पत्र्यांसकट. ते शिसे जागच्या जागी वितळवून लाद्या केल्या, घंटा वितळवल्या आणि जमिनींचे व्यवहार बघायला एक वेगळी कचेरीच उघडली.

“आठशे देवस्थानं चार वर्षांत?” अण्णा सोफ्यावर सरळ होऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर धर्माबद्दलचे दुःख मुळीच नव्हते. एका सरकारी माणसाने दुसऱ्या सरकारी माणसाला केलेला तो मुजरा होता. “आमच्याकडे एका देवस्थान इनामाची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला चार वर्षं लागतात. इनाम वर्ग तीन. हात लावला की ट्रस्टी, गुरव, कुळं, सगळे उभे. यानं नोटीस लावली होती का? पंधरा दिवस हरकतीला द्यावे लागतात.”

“हरकत घेतली होती अण्णा. उत्तरेत मोठं बंड झालं.”

“मग?”

“शे-दोनशे लोकांना फाशी दिलं.”

“म्हणजे हरकती निकाली काढल्या,” अण्णा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “फेरफार मंजूर.”

साधूंना पेन्शन दिले गेले हे ऐकून तर ते हरखलेच. वर्षाला सरासरी पाच-सहा पौंड, आणि जो मठाधिपती मुकाट्याने सही करेल त्याला बरेच जास्त. “हुशार माणूस. खालच्याला पेन्शन आणि वरच्याला जास्त पेन्शन दिलं की संघटना होत नाही.” ज्यांनी सही केली नाही त्यांचे काय, असे त्यांनी विचारलेच. ग्लॅस्टनबरीचा म्हातारा मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग याला नोव्हेंबर 1539 मध्ये मठामागच्या टेकडीवर फाशी दिले, आणि त्याआधीच क्रॉमवेलच्या टिपणात त्याचा खटला आणि त्याची शिक्षा एकाच कलमात लिहून ठेवलेली होती, हे मी सांगितले. अण्णा बराच वेळ गप्प. “निकाल आधी आणि सुनावणी नंतर,” ते शेवटी म्हणाले, “याला फार वर्षांचा अनुभव लागतो.”

आपल्याला हे सगळे इतके ओळखीचे का वाटते, याला कारण आहे. इंग्रजांनी हेच पुढे आपल्याकडे करून दाखवले. 1852 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसले आणि दक्षिण महाराष्ट्रात घरोघरच्या पेट्या उघडून सनदा शोधायची वेळ आली. सनद वाळवीने खाल्ली असेल तर जमीन सरकारजमा. हजारो इनामे गेली. हेन्रीच्या माणसांनी 1536 साली ससेक्समध्ये जे विचारले तेच त्यांच्या वंशजांनी तीनशे वर्षांनी साताऱ्यात विचारले: कागद दाखवा. तेव्हा ट्यूडर काळ हा परका काळ आहे, असे निदान महसूल खात्यातल्या माणसाला सांगू नये.

आईंची पद्धत वेगळी. सासूबाई सदाशिव पेठेतल्या, लहानपणी बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यासमोर त्यांना जगातला कोणताही गुप्तहेर कच्चाच वाटतो. त्यांच्या मते खुनी ओळखायला तपास लागत नाही, जो सगळ्यांत चांगला वागतो त्याच्यावर लक्ष ठेवायचे. शिवाय एका खुनाला चार भाग लागतात, हेच त्यांना पटत नव्हते.

“आमच्या नारायणरावाचा खून भर दुपारी झाला,” त्या शेंगदाणे सोलत म्हणाल्या, “आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पुण्याला ठाऊक होतं कोणी केला, कोणी करवला आणि कोणाला माहीत होतं.”

हे मात्र खरे. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले, आणि त्यानंतर कोणीही ‘खुनी कोण’ असे विचारल्याचे ऐकिवात नाही. सुमेरसिंग गारदी, राघोबादादा, आनंदीबाई, सगळी नावे तयार. गेली अडीचशे वर्षे आपण वाद घालतोय तो एका अक्षरावर. (त्याच वर्षी डिसेंबरात इकडे बॉस्टनला चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, त्याबद्दल मात्र अमेरिकन माणसे कोणत्याही अक्षरावर भांडत नाहीत.) ‘ध’चा ‘मा’ कोणी केला हा विषय आईंनी काढला की अण्णा हमखास चिडतात. “खाडाखोड केलेल्या कागदावर बाजूला सही लागते. मूळ प्रत कोणी बघितलीय? नुसत्या ऐकीव गोष्टीवर एका बाईला बदनाम केलंत तुम्ही पुणेकरांनी.”

“आणि हा पाठीला कुबड असलेला वकील म्हणजे त्यांचे रामशास्त्रीच,” आईंनी विषय बदलला.

“मुळीच नाही,” अण्णा म्हणाले. “रामशास्त्र्यांनी राघोबाला तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं. हा त्या क्रॉमवेलच्या पगारावर आहे. आपला साहेब काय चीज आहे ते याला अजून कळलेलं नाही.”

मला वाटते, शार्डलेकवरचे यापेक्षा नेमके परीक्षण मी कुठे वाचलेले नाही. शार्डलेकची खरी गोष्ट तीच आहे: सुधारणेवर मनापासून विश्वास ठेवणारा एक सज्जन माणूस हळूहळू ओळखतो की आपण सुधारणेच्या नव्हे, लिलावाच्या कामावर आहोत. सॅन्समने यावर सात कादंबऱ्या लिहिल्या. अण्णांना पहिल्या भागाची पहिली वीस मिनिटे पुरली.

आता मालिकेच्या दिसण्याबद्दल. ‘वुल्फ हॉल’ आली तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात चित्रीकरण केले म्हणून तिचे फार कौतुक झाले, आणि काही दिसत नाही म्हणून तक्रारीही तेवढ्याच झाल्या. तेव्हापासून इतिहास म्हणजे अंधार हे ठरून गेले. ‘शार्डलेक’मध्ये त्यात चिखल, धुके आणि कावळे यांची भर आहे. ससेक्सचा हा किनारा प्रत्यक्षात ऑस्ट्रिया, हंगेरी आणि रुमानियात उभा केलेला आहे, आणि तिकडचे किल्ले इतके भव्य आहेत की हा मठ बंद करायला एक आयुक्त कसा पुरेल, हे कळत नाही. अण्णांनी मध्येच उठून दिवाणखान्यातले सगळे दिवे लावले. लोडशेडिंगमध्ये नोकरी काढलेल्या माणसाला मुद्दाम काळोख करून बसणे हा माजच वाटतो.

शिवाय आमची हूलूची वर्गणी स्वस्तातली, जाहिरातींसकटची. आणि औषधांच्या जाहिराती घरच्या टीव्हीवर खुशाल दाखवणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांपैकी अमेरिका एक. मठात एका जिवाला विषबाधा होते, तो तडफडतो, बडबडतो, आणि ऐन त्या क्षणी पडद्यावर ऊन पडते. एक हसतमुख आजोबा कुत्र्याबरोबर तळ्याकाठी फिरू लागतात आणि मागून एक गोड आवाज भरभर सांगतो की या गोळीने चक्कर, अंधारी, भास, यकृताचे विकार आणि क्वचित मृत्यू संभवतो. आईंना काही काळ ही जाहिरात मालिकेचाच भाग वाटली. “विष कसं चढतं ते सांगताहेत,” त्या म्हणाल्या, “पण हा म्हातारा कोण? याला आधी दाखवला नव्हता.” पुढचे दोन भाग त्यांचा संशय त्या आजोबांवरच होता. चांगला वागत होता ना तो!

दुसऱ्या भागाच्या दिवशी संकष्टी होती आणि ताटलीत साबुदाण्याची खिचडी. पडद्यावर साधू लोक जेवत होते. संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे साधूंनी चार पायांच्या प्राण्याचे मांस खायचे नाही, आजारी असल्याशिवाय. इंग्लंडातल्या साधूंनी यावर असा तोडगा काढला की नियम मुख्य भोजनगृहाला लागू आहे. मग शेजारी एक वेगळी खोली बांधली आणि पाळीपाळीने तिथे जाऊन मांस खाल्ले. हे ऐकून आईंच्या मनात त्या मठाबद्दल प्रथमच आपुलकी निर्माण झाली. मी त्यांना हेही सांगितले की त्यांच्या ताटलीतला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो अमेरिका खंडातला, शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, बटाटाही तिकडचा. खिचडीत तूप, जिरे आणि मीठ काय ते अमेरिकेबाहेरचे. 1537 साली पैठणात लहानग्या एकनाथांच्या घरी एकादशीला साबुदाणा शिजत नव्हता. “मग ते काय खायचे?” “उपास करायचे,” अण्णा म्हणाले.

अमेरिकन माणसाची ट्यूडर भूक मात्र टीव्हीवर भागत नाही. त्याला प्रत्यक्ष जायचे असते. म्हणून इथे ‘रेनेसाँ फेअर’ भरतात. पहिली जत्रा 1963 साली लॉस एंजेलिस परिसरात झाली आणि आता जवळपास प्रत्येक राज्यात एखादी असते. आमच्या जवळची न्यूयॉर्क राज्यात टक्सीडोला, उन्हाळा संपता संपता, शनिवार-रविवारी. आम्ही अण्णा-आईंना घेऊन गेलो. हिशोब तपासणारे, संगणक दुरुस्त करणारे, दातांचे डॉक्टर, असे सगळे सज्जन लोक मखमली डगले आणि चामडी पट्टे चढवून भर उन्हात घाम गाळत होते. राणी एलिझाबेथ पालखीवजा काहीतरीत बसून आली. एका तरवारधाऱ्याने अण्णांना कमरेत वाकून ‘माय लॉर्ड’ म्हटले. आयुष्यभर तहसीलदाराला ‘रावसाहेब’ म्हणत आलेल्या माणसाला हे एकदम झेपेना. अण्णांनी आधी मागे वळून पाहिले.

आणि हातोहाती, जिकडे बघावे तिकडे, टर्कीची तंगडी. आपल्या मनगटाएवढी जाड, धुरावलेली, कागदात गुंडाळलेली. सोळाव्या शतकातले अस्सल राजेशाही जेवण म्हणून ती विकली जाते, आणि टर्की हा तर अमेरिकेचाच पक्षी. तो इंग्लंडात पोचला तोच मुळी हेन्रीच्या काळात. म्हणजे अमेरिकन माणूस परकीय राजाच्या जेवणाची मजा घ्यायला जातो आणि आपल्याच अंगणातला पक्षी खाऊन येतो. अण्णांनी मक्याचे कणीस घेतले. तेही इथलेच.

पण खरा ट्यूडर माणूस भेटला तो मॅनहॅटनमध्ये. पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवर फ्रिक कलेक्शन आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर एप्रिल 2025 मध्ये ते परत उघडले. हेन्री क्ले फ्रिक हा कोक आणि पोलादातला धनाढ्य, त्याचा हा राहता वाडा. दिवाणखान्यात शेकोटीच्या एका बाजूला हान्स होल्बाइनने 1527 मध्ये काढलेले थॉमस मोरचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला त्याच होल्बाइनचे थॉमस क्रॉमवेल, 1532-33 चे. मोरने राजापुढे मान तुकवली नाही म्हणून 1535 ला ती उडवली गेली, आणि उडवण्याच्या कामी क्रॉमवेल पुढे होता. आता दोघेही एका अमेरिकन गिरणीमालकाच्या शेकोटीपाशी कायमचे एकमेकांसमोर बसले आहेत. दोघांच्या मध्ये, शेकोटीच्या वर, संत जेरोम आहे. तो मध्यस्थी करताना दिसत नाही.

लोक मोरपुढे थांबतात. त्याच्या लाल मखमली बाह्या खरोखर हात लावावासा वाटेल अशा आहेत. अण्णा सरळ क्रॉमवेलपुढे जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, आणि बराच वेळ हललेच नाहीत. मग मला जवळ बोलावले.

“हे टेबल बघ. माणूस टेबलामागे, टेबल आपल्या अंगावर. समोर आलेल्याला बसायला खुर्ची नाही. टेबलावर कागद, पुस्तक, लेखणी. आणि हातात बघ.” क्रॉमवेलच्या मुठीत घडी केलेला एक कागद आहे, चांगला घट्ट धरलेला. “तो कागद तो कोणाला दाखवणार नाही. आपण काय सांगतोय ते ऐकतही नाहीये. नजर बघ ना, तिसरीकडेच. याच्याकडे अडलेली फाईल जन्मात सुटायची नाही.”

आई शेजारी येऊन म्हणाल्या, “तुमच्या कचेरीतल्या फोटोत तुम्ही असेच बसलाय.”

अण्णांनी याचा प्रतिवाद केला नाही. त्यांनी फक्त विचारले की हा वाडा बांधायच्या आधी इथे काय होते. आधी इथे लेनॉक्स ग्रंथालय होते. फ्रिकने जागा विकत घेतली आणि ग्रंथालयाची इमारत पाडून 1914 च्या सुमारास घर उभे केले. “व्यवहार नोंदवलाय ना?” नोंदवलाय म्हटल्यावर ते पुढच्या खोलीत गेले.

तिथून बारा चौक वर मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आठव्या हेन्रीचे 1544 च्या सुमाराचे चिलखतही आहे, सुमारे 23 किलो वजनाचे. शोटाइमवाल्यांनी ते एकदा येऊन बघायला हवे होते. आईंनी चिलखताच्या कमरेच्या घेराभोवती एक चक्कर मारली आणि “याला सहा मिळाल्या!” एवढेच म्हणून त्या बाकावर बसल्या.

2025 च्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाला आधी मंजूर केलेले 1.1 अब्ज डॉलर परत काढून घेतले. पीबीएसवरच्या ‘वुल्फ हॉल’मध्ये क्रॉमवेलने मठ बंद केल्याला जेमतेम चार महिने झाले होते. आमच्या त्या निवृत्त शिक्षकांनी वर्गणी वाढवली आणि बदल्यात मिळालेली कापडी पिशवी आईंना भाजीसाठी दिली.

क्रॉमवेलचे पुढे काय झाले हे अण्णांना ठाऊक नव्हते. मालिका तिथवर जात नाही. मी सांगितले: 28 जुलै 1540 ला त्याचेही मुंडके उडवले आणि त्याच दिवशी हेन्रीने पाचवे लग्न केले. अण्णांनी मान हलवली. “आणि त्याची इस्टेट?”

“राजाकडे जप्त. राजद्रोह्याची मिळकत राजाला मिळायची.”

“मग यात रहस्य ते काय राहिलं?”

राहिले आहे थोडे, म्हणून वाचकांना सांगते. मालिका हूलूवर आहे, चार भाग आहेत, एका शनिवारात होते. खुनी कोण ते मी सांगणार नाही. पण मेलेला आयुक्त मठाच्या हिशोबाच्या वह्या तपासत होता, हे ऐकल्यावर अण्णांनी “खजिनदाराचा जबाब आधी घ्या” अशी जी मागणी लावून धरली, ती सॅन्समच्या कादंबरीत अगदीच वाया जात नाही, एवढे म्हणायला हरकत नाही. ज्यांना फक्त खुनी हवा आहे त्यांनी दिवे मालवून मालिका बघावी. ज्यांना जमिनीचे काय झाले ते हवे आहे त्यांनी पुस्तक घ्यावे. त्यात वह्या जास्त सविस्तर आहेत.